दादरच्या लाटांबद्दल ऐकीव आणि खरं

जून उजाडला की भोईवाड्यातून पोरांचे घोळके दादर चौपाटीकडे निघतात. परदेशातल्या लाटांवर फळी घेऊन स्वार होणारे सर्फर त्यांनी मोबाइलवर पाहिलेले असतात, आणि समोरही उसळती लाट दिसते. या लाटांविषयीच्या काही समजुती पोरांच्याच नव्हे, त्यांच्या आईबापांच्याही डोक्यात पक्क्या बसल्यात. त्यांतल्या दोन-तीन तर थेट जिवावर बेततात.

‘आज साडेचार मीटरच्या लाटा उसळणार’ ही बातमी दर पावसाळ्यात ऐकू येते. तो आकडा लाटेचा नसतोच, भरतीचा असतो. सागरी नकाशांत साधारण सर्वांत खोल ओहोटीची पातळी शून्य धरतात; तिथून पाणी किती चढेल, एवढंच तो सांगतो. हिवाळ्यात समुद्र शांत असतानाही भरती साडेचार मीटरच्या वर जाऊ शकते. भरती चंद्र-सूर्याच्या ओढीने येते, लाटा वाऱ्याने उठतात. लाटांच्या उंचीचा अंदाज वेगळा असतो, तो हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था देते. 2025 साली लालबागच्या राजाचं विसर्जन गिरगाव चौपाटीवर तासन्‌तास खोळंबलं, तेव्हाही अडचण लाटांच्या उंचीची नव्हती, चढलेल्या पाण्याची होती.

भरतीचा आकडा फुकट मात्र नाही. समुद्र चढला की पावसाळी नाल्यांचं पाणी बाहेर पडत नाही आणि त्याच वेळी पाऊस कोसळला की हिंदमातासारखा सखल भाग तुंबतो. परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली पालिकेने साठवण टाक्या बांधल्या त्या यासाठीच. भरतीची वेळ काढायला कोकणात सोपा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला बारा वाजायच्या आसपास, आणि तीही उधाणाची. थोडं मागेपुढे होतं, पण कॅलेंडर पाहणाऱ्या कुणालाही हे जमेल.

आता मुख्य गोष्ट. ‘समुद्र खाली ओढतो’ असं सगळेच म्हणतात. वाळूच्या किनाऱ्यावर लाटांमागून लाटा फुटतात, पाणी किनाऱ्याशी साचतं आणि वाळूच्या दांड्यांमधल्या खोलगट वाटेने धारेसारखं समुद्राकडे परततं. हा रिप करंट. तो माणसाला खाली नेत नाही, आत नेतो. लाटा फुटतात त्या पट्ट्यापलीकडे बहुधा त्याचा जोर सरतो. माणूस बुडतो तो दमून. घाबरून तो थेट किनाऱ्याकडे हात मारत राहतो, आणि या धारेचा वेग कधी कधी सेकंदाला दोन मीटरवर जातो. शंभर मीटरच्या शर्यतीतला जगातला सर्वोत्तम जलतरणपटू जेमतेम त्याहून थोडा जास्त वेग गाठतो, तोही 47 सेकंदांपुरता. त्यामुळे ‘माझा मुलगा पट्टीचा पोहणारा आहे’ या वाक्याचा इथे काही उपयोग नाही. अंग सैल सोडून तरंगत राहायचं, हात वर करून हाक द्यायची, आणि पोहायचंच तर किनाऱ्याला समांतर, धारेच्या बाहेर.

यातली सगळ्यात घातक फसगत डोळ्यांची आहे. दोन्हीकडे फेसाळत्या लाटा आणि मध्येच एक शांत, गडद पट्टा दिसला की आई मुलाला म्हणते, ‘तिकडे खेळ, तिथे लाटा नाहीत.’ तोच रिप असू शकतो. कसलेले सर्फर नेमका तो पट्टा शोधतात, कारण फारसे हात न मारता तो त्यांना लाटांपलीकडे पोचवतो. पण त्यांच्या पायाला दोरीने फळी बांधलेली असते आणि पाणी वाचायला ते वर्षानुवर्षं शिकलेले असतात.

‘ओहोटीला भीती नाही’ हेही खोटं. पाणी उतरत असताना रिप बऱ्याचदा अधिकच जोर धरतो. आणि धोका पावसाळ्यापुरता नसतो: 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले.

‘आपलं पाणी कोमट, जीव घेतो तो थंड समुद्र’ हे अर्धं खरं. सॅन फ्रान्सिस्कोच्या ओशन बीचवर वाळूवर फुटणाऱ्या लाटा जबरदस्त असतात आणि पाणी वर्षातला बराच काळ 10 ते 15 अंशांवर असतं. एवढ्या गारठ्यात पहिल्या मिनिटातच श्वासावरचा ताबा सुटतो, म्हणून तिथे वेटसूट लागतो. मुंबईत तो धक्का नाही. रिप मात्र तापमान बघत नाही, आणि कोमट पाण्यात माणसं भान विसरून जास्त वेळ रेंगाळतात. शिवाय पावसाळ्यातल्या आपल्या लाटा वाऱ्याने विस्कटलेल्या, एकीवर एक आदळणाऱ्या. सर्फिंगला लांबून आलेली, सावकाश अंतराने येणारी लाट लागते.

कुणी बुडताना दिसलं तर मागोमाग उडी टाकू नका. वाचवायला गेलेलेही बुडतात. जीवरक्षकाला हाक मारा, झाकण लावलेला रिकामा कॅन किंवा चेंडू, जे तरंगेल ते बुडणाऱ्याकडे फेका. बाहेर काढलेल्या माणसाचं पोट दाबून किंवा त्याला उलटं धरून पाणी काढायची पद्धत बंद व्हायलाच हवी, त्याने पोटातलं अन्न-पाणी उलट श्वासनलिकेत जातं. श्वास चालत नसेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग छाती दाबायला लागा आणि दुसऱ्या कुणाला तरी लगेच 108 लावायला सांगा.