वर्धा जिल्ह्यातील नागरी वस्त्या, थंड वारा आणि लोकारोग्य : एक विवेचन

बीजसंज्ञा : थंडीची लाट, वारा, तापमान-व्युत्क्रम, नागरी वस्ती, सिकलसेल, वर्धा जिल्हा

प्रस्तावना

विदर्भाच्या हवामानाचा विषय निघाला की चर्चा उन्हाळ्यावर येऊन थांबते. वर्धा जिल्हाही त्यास अपवाद नाही. मे महिन्यातील पंचेचाळीस अंशांच्या पुढे जाणारे तापमान, उष्माघात आणि पाणीटंचाई यांविषयी प्रशासन, वृत्तपत्रे आणि अभ्यासक सजग असतात. २०१३ मध्ये अहमदाबादने उष्णतेला तोंड देण्याचा कृती आराखडा तयार केला आणि पुढे नागपूरसह अनेक शहरांनी तोच मार्ग स्वीकारला. हिवाळा मात्र 'सुखद ऋतू' म्हणून चर्चेबाहेर राहतो.

ही समजूत अपुरी आहे. ज्या प्रदेशात थंडी सौम्य आणि अल्पकाळ असते, तेथील घरे, कपडे आणि सवयी थंडीसाठी घडलेल्या नसतात. म्हणून तेथे थोडी थंडीही अधिक बाधते. शिवाय थंडीचा परिणाम केवळ तापमापकावरील आकड्यावर अवलंबून नसतो. वारा वाहतो की थांबतो आणि माणूस कोणत्या वस्तीत, कोणत्या छपराखाली राहतो, यांवरही तो ठरतो. प्रस्तुत लेखात वर्धा जिल्ह्यातील नागरी वस्त्यांच्या संदर्भात थंडी, वारा आणि आरोग्य यांचा परस्परसंबंध विशद करण्याचा प्रयत्न केला आहे. या भागात आढळणाऱ्या सिकलसेल या रक्तविकाराच्या दृष्टीने या संबंधाला विशेष महत्त्व आहे.

वर्धा जिल्ह्यातील हिवाळा आणि वारा

वर्धा जिल्हा समुद्रापासून दूर, दख्खनच्या पठाराच्या ईशान्य भागात वसलेला आहे. समुद्रसान्निध्य नसल्याने येथील हवामान विषम आहे. दिवस आणि रात्र यांच्या तापमानातील तफावतही हिवाळ्यात मोठी असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात आकाश बहुधा निरभ्र असते. सूर्यास्तानंतर जमीन वेगाने उष्णता गमावते आणि पहाटेपर्यंत तापमान बरेच खाली येते. उत्तर भारतावरून पश्चिमी प्रक्षोभ पुढे सरकले की त्यांच्यामागून उत्तरेकडील थंड, कोरडे वारे मध्य भारतात उतरतात आणि विदर्भात थंडीची लाट येते. शेजारच्या नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी किमान तापमान ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत घसरले होते.

भारतीय हवामान विभागाच्या निकषानुसार, मैदानी प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा त्याहून कमी असेल आणि ते सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी खाली गेले असेल, तर थंडीची लाट मानली जाते. घट ६.४ अंशांहून अधिक असल्यास ती तीव्र लाट ठरते. किमान तापमान ४ अंशांवर किंवा त्याखाली गेल्यासही लाट जाहीर होते. या निकषांत वाऱ्याचा विचार नाही. एरवी हिवाळ्यातील वारे या भागात मंद असतात. त्यामुळे हिवाळा येथे दोन रूपांत भेटतो. एक म्हणजे उत्तरेचा बोचरा वारा सुटलेले दिवस आणि दुसरे म्हणजे वारा पूर्णपणे पडलेल्या निश्चल रात्री. या दोन्ही रूपांचे आरोग्यावरील परिणाम वेगवेगळे आहेत.

वारा, थंडी आणि मानवी शरीर

शरीराभोवती उबदार हवेचा एक पातळ थर असतो. वारा हा थर सतत दूर सारतो आणि त्वचेतून उष्णता वेगाने निघून जाते. म्हणून स्थिर हवेतील १० अंश आणि वाऱ्यातील १० अंश शरीराला सारखे वाटत नाहीत. सायपल आणि पॅसेल या संशोधकांनी अंटार्क्टिकावरील प्रयोगांतून हा परिणाम मोजण्याची रीत १९४५ मध्ये मांडली. अमेरिका व कॅनडा यांनी २००१ मध्ये तिची सुधारित आवृत्ती स्वीकारली. त्या सूत्रानुसार १० अंश तापमानात ताशी २० किलोमीटर वेगाचा वारा असल्यास उघड्या त्वचेला जाणवणारी थंडी सुमारे ७.४ अंशांइतकी असते आणि ताशी ४० किलोमीटर वेगाला ती सुमारे ६ अंशांपर्यंत पोहोचते. येथे एक गोष्ट लक्षात घेणे आवश्यक आहे. हवा स्थिर असली तरी ताशी ४० किलोमीटर वेगाने दुचाकी चालविणारा माणूस स्वतःपुरता तेवढाच वारा निर्माण करतो. पहाटे दूध पोहोचविणारे, वृत्तपत्रे वाटणारे आणि सकाळच्या महाविद्यालयासाठी खेड्यांतून दुचाकीने किंवा उघड्या ऑटोतून येणारे विद्यार्थी रोज हा वारा अंगावर घेत असतात.

थंडी लागताच त्वचेखालील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. त्यामुळे रक्तदाब वाढतो, रक्त किंचित घट्ट होते आणि हृदयावरील ताण वाढतो. थंड, कोरडी हवा श्वासनलिकांना संकोचविते. दम्याच्या रुग्णांचा त्रास त्यामुळे बळावतो. भारतातील मृत्यूंच्या मोठ्या राष्ट्रीय सर्वेक्षणावर आधारित आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने ३० ते ६९ वयोगटातील वैद्यकीय कारणांनी झालेल्या मृत्यूंपैकी सुमारे ६.३ टक्के मृत्यूंचा संबंध मध्यम थंडीशी जोडला. हे प्रमाण अतितीव्र थंडीशी किंवा उष्णतेशी संबंधित मृत्यूंपेक्षा अधिक होते. युरोपातील आठ प्रदेशांच्या १९९७ मधील तुलनात्मक अभ्यासातही असाच निष्कर्ष निघाला होता. तापमान एका अंशाने उतरले असता मृत्युदरात होणारी वाढ फिनलंडपेक्षा अथेन्समध्ये अधिक होती, कारण सौम्य हिवाळ्याच्या प्रदेशात घरे कमी उबदार असतात आणि लोक बाहेर पडताना पुरेसे कपडे घालत नाहीत. वर्ध्यासारख्या उष्ण प्रदेशाने या निष्कर्षाकडे गांभीर्याने पाहणे अगत्याचे आहे.

वस्तीची रचना आणि थंडीचे विषम वाटप

एकाच शहरात एकाच रात्री सर्वांना सारखी थंडी लागत नाही. दाट बांधकामाचा जुना भाग दिवसा शोषलेली उष्णता रात्री हळूहळू सोडतो. म्हणून बाजारपेठेच्या परिसरात रात्रीचे तापमान शहराबाहेरील मोकळ्या शेतजमिनीपेक्षा अधिक असते. तेथे इमारती एकमेकींना वाऱ्यापासून आडोसाही देतात. याउलट शहराच्या कडेला, शेतांना लागून वाढलेले नवे ले-आऊट आणि झोपडवस्त्या वाऱ्याला थेट तोंड देतात. वाऱ्याच्या दिशेने जाणारा सरळ, रुंद रस्ता आणि दोन उंच इमारतींमधील अरुंद मोकळी जागा येथेही वाऱ्याचा वेग वाढतो. थंड हवा जड असल्याने ती सखल भागात साचते. हिंगणघाट शहर वेणा नदीच्या आणि पुलगाव वर्धा नदीच्या काठी वसले आहे. अशा नदीकाठच्या सखल वस्त्यांना पहाटेचा गारठा आणि धुके यांचा उपद्रव अधिक होणे स्वाभाविक आहे.

वस्तीइतकेच घराचे छप्परही महत्त्वाचे असते. टिनाचा पत्रा उन्हाळ्यात तापतो, हे सर्वज्ञात आहे. तोच पत्रा हिवाळ्याच्या निरभ्र रात्री आकाशाकडे उष्णता फेकून भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो. घरातील बाष्प त्याच्या आतील बाजूस जमते आणि पहाटे अंथरुणावर थेंब पडू लागतात. भिंत आणि पत्रा यांमधील फटींतून वारा आत येतो तो वेगळाच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये समशीतोष्ण व थंड प्रदेशांसाठी घरातील किमान सुरक्षित तापमान १८ अंश सुचविले आहे. पत्र्याच्या घरात थंडीच्या रात्री आतील व बाहेरील तापमानात फारसा फरक उरत नाही. सेवाग्राम आश्रमातील बापू कुटी येथे तुलनेसाठी पाहता येते. १९३६ नंतरच्या काळात माती, बांबू आणि कवेलू या स्थानिक साहित्यातून उभ्या राहिलेल्या या वास्तूची मातीची भिंत दिवसाची ऊब रात्रीपर्यंत धरून ठेवते. कवेलूंचे छप्परही पत्र्याइतक्या वेगाने थंड होत नाही. आर्थिक ओढीमुळे आणि दुरुस्तीच्या कटकटीमुळे कवेलू जाऊन पत्रा आला. मात्र या बदलाची आरोग्यविषयक किंमत मोजली गेली नाही.

वारा पडलेल्या रात्री धोक्याचे स्वरूप पालटते. जमिनीलगतची हवा थंड आणि वरची हवा तुलनेने उबदार अशी उलटी स्थिती निर्माण होते. यास तापमान-व्युत्क्रम म्हणतात. वरची उबदार हवा झाकणासारखी बसते आणि चुली, शेकोट्या, जाळलेला कचरा, वाहने व वीटभट्ट्या यांचा धूर वस्तीवरच रेंगाळतो. वर्धा जिल्हा कापसाचा असल्याने एक स्थानिक बाब यात भर घालते. कापूस वेचणी आणि जिनिंगचा हंगाम हिवाळ्यातच येतो. कापसाचे तंतू व धूळ यांचा श्वसनावरील परिणाम जिनिंग कामगारांना याच काळात सोसावा लागतो. थंडी अडविण्यासाठी दारे-खिडक्या बंद करून आत शेगडी पेटविण्याची सवय तर प्राणघातक ठरू शकते, कारण अपुऱ्या ज्वलनातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग वा वास नसतो. घरातील धुराचा प्रश्न वर्ध्याला नवा नाही. धूर घराबाहेर नेणारी 'मगन चूल' येथील मगनवाडीच्या ग्रामोद्योग परंपरेतूनच पुढे आली.

सिकलसेल आणि थंड वारा

थंड वाऱ्याचा सर्वांत वेदनादायक परिणाम सिकलसेलच्या रुग्णांवर होऊ शकतो. या आनुवंशिक विकाराची भारतातील पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये झाली. मध्य भारतातील त्याच्या अस्तित्वाकडे नागपूरच्या शुक्ल आणि सोळंकी यांनी १९५८ मध्ये लक्ष वेधले. विदर्भात गोंड व इतर आदिवासी समाजांप्रमाणेच काही अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गीय समाजांतही तो आढळतो. आई व वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत अपत्य बाधित होण्याची शक्यता २५ टक्के असते.

या रुग्णांच्या तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिन सदोष असते. प्राणवायू कमी झाला की त्याचे रेणू एकमेकांना चिकटतात आणि पेशी विळ्याच्या आकाराची, ताठर बनते. थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावल्या की सूक्ष्म केशवाहिन्यांतील रक्तप्रवाह मंदावतो. पेशींना तेथून बाहेर पडण्यास अधिक वेळ लागतो, तेवढ्या वेळात त्या विळ्याकार होतात आणि वाहिनी अडते. हाडे, सांधे, पाठ आणि छाती यांत उठणारी असह्य कळ हा या अडथळ्याचाच परिणाम होय. हिवाळ्यात तहान कमी लागल्याने पाणी कमी प्यायले जाते. त्यामुळेही हा धोका वाढतो.

जमैकासारख्या उष्ण बेटावरही थंड महिन्यांत वेदनेचे झटके वाढतात, असे १९७६ मधील एका अभ्यासात दिसून आले. लंडनमधील एका रुग्णालयाच्या २००५ मधील अभ्यासाचा निष्कर्ष प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक उद्बोधक आहे. तेथे वेदनेमुळे दाखल होणाऱ्यांची संख्या वाऱ्याचा वाढता वेग आणि हवेतील कमी आर्द्रता यांच्याशी निगडित आढळली. तापमानाशी मात्र तिचा संबंध आढळला नाही. सर्वच अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत आणि लंडनचे हवामान वर्ध्याचे नव्हे, हे खरे. तथापि, वारा ही तापमानाहून स्वतंत्र आरोग्यविषयक बाब आहे, एवढे त्यावरून स्पष्ट होते. विदर्भात हिवाळ्यातील उत्तरेचा वारा थंडही असतो आणि कोरडाही. म्हणून शहराच्या कडेला, पत्र्याच्या घरात राहणारा आणि पहाटे उघड्यावर प्रवास करणारा सिकलसेलग्रस्त विद्यार्थी किंवा मजूर या सर्व प्रतिकूल बाबींच्या संगमावर उभा असतो.

उपाययोजना

थंडीची लाट व कडाक्याचे दव यांचा समावेश राष्ट्रीय आपत्तींच्या सूचीत २०१२ मध्ये झाला आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०२१ मध्ये त्यासंबंधी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले. या दोन्ही बाबींची स्थानिक पातळीवर सांगड घालणे शक्य आहे. त्यासाठी पुढील उपाय विचारात घेता येतील.

१. थंडीच्या इशाऱ्यासोबत वाऱ्याचा वेग व दिशा यांची माहिती देऊन ती सिकलसेल रुग्ण, वृद्ध आणि दम्याचे रुग्ण यांच्यापर्यंत आशा कार्यकर्त्यांमार्फत पोहोचविणे.

२. घरकुल योजनांत पत्र्याखाली बांबू-चटई किंवा तत्सम अस्तर, फटी बुजविणे आणि धूर जाण्यासाठी सुरक्षित वाट यांचा अंतर्भाव करणे. हे अस्तर उन्हाळ्यातही उपयोगी पडते.

३. नव्या ले-आऊटच्या उत्तर व ईशान्य बाजूस कडुनिंब, करंज यांसारख्या सदाहरित वा दीर्घकाळ पाने धरणाऱ्या वृक्षांच्या रांगा लावणे. सलग भिंतीपेक्षा वृक्षांची रांग वाऱ्याचा जोर अधिक दूर अंतरापर्यंत कमी करते.

४. रेल्वेस्थानक, बसस्थानक व बाजार परिसरात उघड्यावर झोपणाऱ्यांसाठी वाऱ्यापासून आडोसा असलेला रात्रनिवारा उपलब्ध करणे आणि निश्चल रात्री कचरा जाळण्यास प्रतिबंध करणे.

५. महाविद्यालयांनी डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तास, मैदानी सराव व राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे यांच्या वेळा लवचिक ठेवणे. सिकलसेलग्रस्त विद्यार्थ्यांची माहिती त्यांच्या संमतीनेच आणि गोपनीय स्वरूपात घ्यावी. वेदनेमुळे झालेली अनुपस्थिती आळसाचे लक्षण मानली जाऊ नये.

समारोप

वर्धा जिल्ह्यातील हिवाळा निरोगी, सुस्थित माणसाला सुखद वाटतो, हे नाकारता येत नाही. परंतु तोच वारा पत्र्याच्या घरात, नदीकाठच्या सखल वस्तीत आणि सिकलसेलच्या रुग्णाच्या रक्तवाहिन्यांत वेगळा अर्थ धारण करतो. किमान तापमानाचा एकच आकडा ही विषमता झाकून टाकतो. वस्तीनिहाय तापमान व वाऱ्याच्या नोंदी आणि रुग्णालयांतील दैनंदिन नोंदी एकत्र मांडल्यास या संबंधाचे स्थानिक चित्र स्पष्ट होऊ शकेल. भूगोल, जीवशास्त्र, समाजशास्त्र आणि गृहअर्थशास्त्र या विभागांनी मिळून हाती घ्यावे असे हे काम आहे. साध्या उपकरणांच्या साहाय्याने, विद्यार्थ्यांच्या सहभागातून ते कोणत्याही महाविद्यालयाला एका हिवाळ्यात सुरू करता येईल.