सोळाव्या दिवसाची गोळी

आयुष्मान भारत योजनेत २०१८ पासून पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातले उपचार मोफत मिळतात. सुटी झाल्यानंतर औषधांचा खर्च मात्र १५ दिवसांपुरताच. रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकाराची गोळी तर बहुधा जन्मभराची. गरीब रुग्णाची खरी ओढाताण सोळाव्या दिवशी सुरू होते.

मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरसारख्या यंत्रमागांच्या गावात ती स्पष्ट दिसते. इथली मजुरी मीटरवर ठरते. लूम थांबला की पैसा थांबला. मध्य प्रदेशात २०१२ पासून सरकारी दवाखान्यांत औषध फुकट मिळते, पण ओपीडीच्या रांगेत मोडलेली पाळी कोण भरून देणार? मग महिन्याची पुडी पुरवून पुरवून, दिवसाआड खाल्ली जाते. याला निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे आहे.

दुसरी अडचण औषध ओळखण्याची. ॲम्लोडिपिन हे रक्तदाबाचे साधे औषध. रुग्णालयाने दिलेल्या गोळ्यांच्या पत्तीवर एक नाव, दुकानातल्या पत्तीवर दुसरे. रुग्णालयाचे कार्ड इंग्रजीत. घरी दोन्ही पत्त्या चालू होतात, पाय सुजतात, चक्कर येते आणि शेवटी सगळ्याच गोळ्या फडताळात जातात.

क्षयरोगात हा खंड सर्वांत महाग पडतो. साध्या क्षयाचे उपचार सहा महिन्यांचे, पण खोकला आणि ताप त्याच्या कितीतरी आधी थांबतात. रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते. आधी कुणी सांगितले नसेल तर रुग्ण घाबरून औषध सोडतो. उरलेले जंतू मग त्याच औषधाला दाद देईनासे होतात. म्हणूनच सरकारी क्षयरोग कार्यक्रमात आशा कार्यकर्ती किंवा ओळखीचे माणूस गोळ्यांवर लक्ष ठेवते. पोषणासाठी २०१८ पासून महिना ५०० रुपये मिळू लागले, नोव्हेंबर २०२४ पासून १,०००.

रक्तदाबासाठीही अशी घडी बसवता येते. २०१७ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशासह पाच राज्यांतल्या काही जिल्ह्यांत तसा उपक्रम सुरू झाला: ठरावीक मोजकी औषधे, एका वेळी ३० दिवसांच्या गोळ्या, घराजवळच्या केंद्रात तपासणी आणि न आलेल्या रुग्णाची चौकशी.

रुग्णालयातून सुटी मिळते त्या दिवशी दहा मिनिटे दिली तरी पुष्कळ होते. नर्सने प्रत्येक पत्ती रुग्णासमोर धरावी, सकाळच्या गोळीवर सूर्य आणि रात्रीच्या गोळीवर चंद्र काढावा, घरची जुनी पत्ती मागवून जुळवून पाहावी. पुढच्या तपासणीची तारीख लूम बंद असेल त्या दिवसाची द्यावी, आणि ती तारीख घरातल्या वाचता येणाऱ्या मुलीलाही सांगावी.