ऑफिसला एकाच गाडीतून जायला लोक कधी तयार होतात?

एकाच भागातून एकाच ऑफिसला जाणारे सहकारी वेगवेगळ्या गाड्या का काढतात? मोठी अडचण असते परतीची. गाडीवाला उशिरापर्यंत थांबला किंवा घरून अचानक फोन आला, तर जायचं कसं?

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात थ्रीएम कंपनीने १९७३ मध्ये ६ व्हॅन देऊन सुरुवात केली. कर्मचाऱ्यांपैकीच एक जण व्हॅन चालवायचा. त्याचा प्रवास मोफत, बाकीचे भाडं भरायचे.

परतीच्या चिंतेवर उत्तर नंतर मिळालं. अमेरिकेत आज अनेक ठिकाणी अशा कर्मचाऱ्यांना घरी पोहोचण्याची हमी असते. अडचणीच्या वेळी टॅक्सीचा खर्च कंपनी किंवा स्थानिक वाहतूक संस्था करते. सोय वर्षातून ठरावीक वेळाच वापरता येते. पण तेवढ्या भरवशावर स्वतःची गाडी घरी ठेवणं सोपं होतं.