दिनविशेषाची कुळकथा

महाराष्ट्रातील शाळांत राष्ट्रगीत, प्रतिज्ञा आणि सुविचार यांच्या जोडीने परिपाठात जो दिनविशेष वाचला जातो, म्हणजे त्या तारखेला घडलेल्या घटना, जयंत्या आणि पुण्यतिथ्या यांची जी छोटी नोंद सांगितली जाते, तिचे मूळ पंचांगवाचनाच्या परंपरेत शोधता येते. तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण ही पाच अंगे सांगून दिवसाची ओळख करून देणारे पंचांग आजचा दिवस कोणता एवढेच सांगून थांबत नसे. आज कोणाचे ऋण मानायचे, हेही त्यातील सणवार सुचवीत. 1973 मध्ये जयंतराव साळगावकरांनी सुरू केलेल्या ‘कालनिर्णय’ने हेच पंचांग तारखांच्या चौकटीत बसवून घरोघरच्या भिंतीवर आणले.

या ऋणनिर्देशाचा सर्वांत ठसठशीत सण म्हणजे पोळा. आदल्या संध्याकाळी होणाऱ्या खांदेमळणीत जुवाने घट्टे पडलेले बैलांचे खांदे हळद आणि तूप किंवा लोणी लावून चोळले जातात आणि माणसाला द्यावे तसे त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण दिले जाते. सणाच्या दिवशी बैलांना कामाला जुंपायचे नाही, हा दंडक असतो. विदर्भ-मराठवाड्यात श्रावणी अमावस्येला येणारा हा सण दक्षिण महाराष्ट्रात आषाढातच बेंदूर म्हणून साजरा होतो, कारण सणाची वेळ शेतीच्या कामांवर ठरते. दिव्यांच्या अवसेला समया घासूनपुसून मांडणे, खंडेनवमीला अवजारे पुजणे आणि वसुबारसेला सवत्स धेनूची, म्हणजे वासरासह गाईची, पूजा करणे हे त्याच जातीचे आचार आहेत.

आधुनिक काळातील ‘जागतिक दिन’ वरवर पाहता विक्षिप्त वाटतात, कारण कडधान्यांसाठी 10 फेब्रुवारी, मधमाशीसाठी 20 मे आणि शौचालयासाठी 19 नोव्हेंबर असे दिवस संयुक्त राष्ट्रसंघाने ठरवून दिले आहेत. तथापि ज्या गोष्टीकडे रोजच्या व्यवहारात कोणी वळून पाहत नाही, तिच्यासाठी एक दिवस राखून ठेवणे ही कल्पना पोळ्याहून फारशी वेगळी नाही. 2010 पासून पाळल्या जाणाऱ्या जागतिक चिमणी दिनामागे तर नाशिकचे मोहम्मद दिलावर यांचाच पुढाकार होता.

दिनविशेषाची खरी कसोटी लागते ती इतिहासाच्या तारखांत. 1582 मध्ये पोप ग्रेगरी तेरावे यांनी जुन्या ज्युलियन कालगणनेत साचलेली चूक काढण्यासाठी 4 ऑक्टोबरनंतर थेट 15 ऑक्टोबर धरण्याचा आदेश दिला. इंग्लंडने मात्र हा बदल 1752 पर्यंत लांबवला आणि तेव्हा तेथे 2 सप्टेंबरच्या बुधवारनंतर 14 सप्टेंबरचा गुरुवार उजाडला. छत्रपती शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाची, म्हणजे शके 1596 च्या ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीची, 6 जून 1674 ही तारीख ज्युलियन आहे. आजच्या ग्रेगोरियन गणनेने तो दिवस 16 जून ठरतो. तरीही रायगडावरची गर्दी 6 जूनलाच लोटते, आणि रूढीने तारीख पक्की केल्यावर ती हलवण्याचा आग्रह कोणी धरू नये, हेच शहाणपणाचे.

महाराजांच्या जन्मतारखेचा वाद याहून जुना आणि अधिक गुंतागुंतीचा. पूर्वी शके 1549 ची वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे 1627 चा एप्रिल, प्रमाण मानली जाई. लोकमान्य टिळकांनी 1916 मध्ये प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याकडे सापडलेल्या शकवार घटनांच्या टिपणात, मात्र शके 1551 ची फाल्गुन वद्य तृतीया आढळली. परमानंदकृत ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यातही तीच तिथी आहे. दीर्घ वादानंतर राज्य शासनाने 2001 मध्ये या तिथीशी जुळणारी 19 फेब्रुवारी 1630 ही तारीख स्वीकारली. तीही ज्युलियनच असून ग्रेगोरियन गणनेने तो 1 मार्च होतो. तिथीने जयंती करणारे आणि तारखेने करणारे यांच्यात दरवर्षी खडाजंगी होत असली, तरी दोन्ही पक्ष शकावलीतील त्या एकाच ओळीवर विसंबून असतात.