फोटोला तारीख कशी विचारायची? 'विक्रांत'च्या छायाचित्रांवरून एक धडा

पेटची तयारी करताना 'प्राथमिक साधनं' हा शब्द तुम्ही शंभरदा वाचला असेल. आपल्या डोळ्यांसमोर लगेच दफ्तरखाना येतो, पत्रं येतात, मुलाखती येतात. फोटो मात्र आपण सगळ्यात शेवटी शोधतो, तेही प्रकरण जरा भरल्यासारखं दिसावं म्हणून. खरं तर फोटो हाही एक पुरावाच आहे, आणि पुरावा म्हटला की त्याची उलटतपासणी आली. ती कशी करायची, हे आज आपण नौदलाच्या विमानांच्या फोटोंवरून बघू.

हाच विषय का? कारण विमानवाहू नौकेच्या एका फोटोत तपासण्याजोग्या खुणा भरपूर असतात: नौकेचा आकार, विमानाचा प्रकार, क्रमांक, निशाण. शिवाय यातली बरीचशी माहिती जाहीर नोंदींशी ताडून बघता येते.

आधी फोटो, मग फोटोओळ

दरवर्षी ४ डिसेंबरला, नौदल दिनी, १९७१ च्या युद्धाचे फोटो फिरायला लागतात. याच तारखेला 'विक्रांत'वरच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बझार आणि चितगावच्या परिसरात हल्ले केले होते. समजा, तुमच्याकडे असाच एक फोटो आला. खाली लिहिलंय, 'आयएनएस विक्रांत, १९७१'. फोटोत नौकेचा पुढचा भाग घसरगुंडी उलटी ठेवावी तसा वर उचललेला आहे.

पहिलं काम: फोटोओळ हाताने झाका. वहीत तीन रकाने करा. पहिल्यात फक्त जे दिसतं ते. दुसऱ्यात फोटोओळ काय म्हणते ते. तिसऱ्यात तुमचा निष्कर्ष. हे तिन्ही रकाने एकमेकांत मिसळले की गडबड झालीच म्हणून समजा.

आता तो वर उचललेला भाग बघा. त्याला स्की-जंप म्हणतात. 'विक्रांत' ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्टला नौदलात दाखल झाली तेव्हा तिचा डेक पुढे सपाट होता, आणि विमानं वाफेच्या कॅटापल्टने फेकली जात. १८ मे १९६१ ला लेफ्टनंट ताहिलियानी (पुढे ते नौदलप्रमुख झाले) यांनी तिच्यावर पहिलं जेट विमान उतरवलं, तेही याच रूपात. स्की-जंप बसवला गेला १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात, सी हॅरियर विमानांसाठी. म्हणजे हा फोटो १९७१ चा असूच शकत नाही. विषय संपला.

दोन कुंपणं

या पद्धतीचं सूत्र सोपं आहे. प्रत्येक खूण फोटोला एक कुंपण घालते: 'याच्या आधीचा नाही' किंवा 'याच्या नंतरचा नाही'.

सी हॅरियर दिसलं? भारतातली पहिली सी हॅरियर विमानं डिसेंबर १९८३ मध्ये गोव्यात दाभोळीला उतरली. त्याआधीचा भारतीय सी हॅरियरचा फोटो भारतात काढलेला नसणार. अलिझे विमान कॅटापल्टवरून सुटताना दिसतंय? मग कॅटापल्ट काढून टाकण्याआधीचा फोटो. सी हॉक आणि स्की-जंप एकाच फोटोत आहेत? मग ते विमान उड्डाणासाठी उभं नाही. नौका ३१ जानेवारी १९९७ ला निवृत्त होऊन मुंबईत संग्रहालय झाली, तेव्हाची मांडणी असण्याची शक्यता मोठी.

निशाणाकडे तर जरूर बघा. आपल्या नौदलाच्या निशाणावरचा लाल क्रॉस १५ ऑगस्ट २००१ ला काढला गेला, २००४ मध्ये मध्यभागी राजमुद्रेसह परत आला, २०१४ मध्ये त्याखाली 'सत्यमेव जयते' आलं, आणि २ सप्टेंबर २०२२ ला क्रॉस पुन्हा जाऊन शिवाजी महाराजांच्या मुद्रेवरून स्फुरलेला अष्टकोन आला. पण गंमत बघा, फोटो फिरवताना लोक कडा कापतात आणि नेमकं मागच्या टोकाचं निशाणच जातं. म्हणून नेहमी न कापलेली प्रत शोधा.

आणि हो, नुसत्या आर-११ या क्रमांकावर विसंबू नका. जुन्या 'विक्रांत'चा क्रमांक तोच, आणि २०२२ मध्ये कोचीत दाखल झालेल्या नव्या 'विक्रांत'चाही तोच. जुनी सुमारे २१३ मीटर लांब, नवी २६२ मीटर. लांबी फोटोत मोजता येत नसेल तर डेकवर विमान कोणतं आहे ते बघा. जोडशेपटीचं मिग-२९के दिसलं तर ती जुनी नौका नव्हे.

'जुळतं' म्हणजे 'सिद्ध झालं' नाही

इथे बरेच जण घसरतात. समजा दुसरा फोटो मिळाला: सपाट डेक, सी हॉक, सगळं १९७१ शी जुळणारं. सिद्ध झालं? नाही! सी हॉक 'विक्रांत'वर १९६१ पासून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत होती. तुमच्या फोटोला ही साधारण दोन दशकांची मोकळी जागा आहे. तो एखाद्या सरावातला असू शकतो. चित्रातल्या खुणा चुकीची तारीख खोडू शकतात, पण नेमकी तारीख बहुधा देऊ शकत नाहीत. त्यासाठी चित्राबाहेर जावं लागतं: फोटोच्या पाठीमागचा शिक्का, निगेटिव्हचा क्रमांक, तो पहिल्यांदा कुठल्या अंकात छापला गेला, वैमानिकाचं लॉगबुक. विमानाच्या अंगावरचा क्रमांक वाचता आला तर सोनंच. ते विमान कधी आलं आणि कधी गेलं हे कळलं की कुंपणं एकदम जवळ येतात.

याचं जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे एडविन डनिंग. २ ऑगस्ट १९१७ ला त्याने चालत्या जहाजावर, 'एचएमएस फ्युरियस'वर, विमान उतरवलं. फोटोत अधिकारी धावत येऊन विमान हातांनी खाली ओढताना दिसतात. दुसऱ्या एका फोटोत त्याचं विमान डेकच्या कडेवरून खाली चाललंय. विमान तेच, सोपविथ पप, जहाजही तेच. पण हा दुसरा फोटो ७ ऑगस्टचा, आणि त्यात डनिंगचा जीव गेला. पाच दिवसांचा फरक. फोटोओळ अदलाबदल झाली तर यशाच्या जागी मृत्यू छापला जाईल.

अपवाद लक्षात ठेवा

विमानवाहू नौकेचा मनोरा जवळपास नेहमी उजव्या बाजूला असतो. त्यामुळे तो डावीकडे दिसला की निगेटिव्ह उलटी छापली गेली असं आपण म्हणतो. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण जपानच्या 'अकागी' आणि 'हिर्यू' या नौकांचे मनोरे खरोखरच डावीकडे होते! म्हणून फोटो 'सुधारण्याआधी' त्यातली अक्षरं आणि आकडे वाचा. ते सरळ असतील तर फोटोही सरळ आहे.

पुढे पाठवण्याआधी

फोटो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि आतली माहिती गळून जाते. फाइलची तारीख ही फोटोची तारीख नव्हे. म्हणून मूळ फोटो स्कॅन करताना मागची बाजूही स्कॅन करा आणि पाठवायचा असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. रंग भरलेली प्रत पुरावा म्हणून वापरू नका. त्यातला रंग कुणीतरी नंतर ठरवलेला असतो.

हक्कांचंही बघा. भारतात सरकारी प्रकाशनावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. इथे मोजायचं ते प्रकाशनाचं वर्ष, फोटो काढल्याचं नाही. आणि आजचे फोटो जपून: दाभोळीला प्रवासी उतरतात खरे, पण तो नौदलाचा तळ आहे. तिथे परवानगीशिवाय कॅमेरा काढायचा नाही.

शेवटचं. जुनी 'विक्रांत' २०१४ मध्ये मुंबईत तोडायला घेतली. तिच्या पोलादाचा काही भाग पुढे मोटारसायकलीत गेला. डेक मोजायला, मनोरा तपासायला आता नौका नाही. उरलेत ते कागद आणि फोटो, त्यातले कितीतरी निवृत्त नौसैनिकांच्या घरच्या अल्बममध्ये. त्यावर चुकीची फोटोओळ एकदा प्रबंधात छापली गेली की पुढचे दहा जण तुमचाच संदर्भ देणार.

तेव्हा या आठवड्यात एवढंच करा: तुमच्या विषयातला एक फोटो घ्या, फोटोओळ झाका आणि तीन रकाने भरा. तिसरा रकाना सगळ्यात लहान राहिला, तर तुम्ही बरोबर रस्त्यावर आहात.