लोखंडालाही पाणी बाधतं



वार्षिक सभेत हटकून येणारा एक प्रश्न आहे : "दरसाल बॉयलरच्या नळ्यांवर एवढा खर्च कशाला? पोलादच आहे ना ते?" प्रश्न रास्त आहे. सभेच्या गडबडीत त्याचं उत्तर धड देता येत नाही, म्हणून या अंकात ते मांडत आहोत.

बॉयलरच्या नळीला बाहेरून आग आणि राख झिजवते, पण आतून पाणी खातं. बाहेरचं डोळ्याला दिसतं, आतलं दिसत नाही. घोटाळा तिथेच होतो.

आपल्या जिल्ह्याला हे नवीन नाही. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडे पूर्णाकाठच्या खारपाण पट्ट्यात ज्यांची सोयरीक आहे, त्यांनी बोअरमधून उपसलेला लोखंडी पाइप पाहिलाच असेल. वर पापुद्रे, आत खड्डे. लोखंड खाणीतून निघतं ते तांबड्या दगडमातीच्या रूपात. माणूस भट्टी लावून त्याचं लोखंड करतो. पाणी आणि प्राणवायू मिळाला की ते पुन्हा मूळ रूपाकडे वळतं. त्यालाच आपण गंज म्हणतो. पाण्यात मीठ असलं की ही क्रिया झपाट्याने होते. आम्ल असलं तर विचारूच नका.

म्हणून बॉयलरला साधं पाणी चालत नाही. आधी त्यातला जडपणा काढतात. मग पाणी तापवून त्यातला प्राणवायू घालवतात आणि उरलासुरला औषध टाकून संपवतात. मातीच्या तपासणीत आपण जो सामू बघतो, तोच बॉयलरच्या पाण्याचाही बघावा लागतो. तो साडेदहा-अकराच्या आसपास राखला की नळीच्या आत काळा, चिवट थर धरतो आणि तोच लोखंडाचं रक्षण करतो. गंमत अशी, की लोणार सरोवराच्या पाण्याचा सामूही दहाच्या आसपास असतो. पण त्यात मीठ भरपूर, म्हणून ते पाणी बॉयलरच्या कामाचं नाही. नुसता सामू पाहून भागत नाही, ते असं.

साखर कारखान्याला आणखी एक खोड आहे. रस आटवताना वाफेचं जे पाणी होतं, ते बॉयलरला परत देतात. त्यात रसाचा अंश गेला, की बॉयलरच्या उष्णतेने साखरेचं आम्ल होतं आणि सामू घसरतो. म्हणून प्रयोगशाळेतली मंडळी रात्रंदिवस त्या पाण्यात साखर आहे का ते तपासत असतात. जांभळं कडं दिसलं, की ते पाणी बाहेर सोडायचं. या कामात एखाद्या पाळीने डुलकी घेतली तर नळी त्या रात्री फुटत नाही. पुढे कधीतरी, ऐन गळितात फुटते. मग बॉयलर थंड करा, नळी बदला किंवा बुजवा, दाबाची चाचणी घ्या. तोवर गव्हाण थांबलेली, गाड्या रांगेत उभ्या आणि तोडलेला ऊस उन्हात वाळतोय. वजन कोणाचं घटतं? आपलंच.

आपल्याला निदान पाणी शुद्ध करून घेता येतं. ज्यांना ते साधत नाही त्यांची गत बघा. जमिनीच्या पोटातल्या वाफेवर वीज करणारे कारखाने जगात आहेत. शेजारच्या जळगाव जिल्ह्यात उनपदेवला गरम पाण्याचा झरा आहे, तसंच पण कितीतरी जास्त तापलेलं पाणी ते खोलवरून काढतात. त्याबरोबर क्षार येतात, कुजक्या अंड्याच्या वासाचा वायूही येतो. इटलीत लार्देरेल्लो इथे 1904 साली अशा वाफेवर पाच दिवे लावले आणि 1913 मध्ये 250 किलोवॅटचं केंद्र उभं राहिलं. पण ती वाफ यंत्रं खायला लागली, म्हणून तिच्या उष्णतेवर स्वच्छ पाण्याची वाफ करायची युक्ती काढावी लागली. आइसलँडमध्ये क्राफ्ला इथे 2009 साली सुमारे 2,100 मीटर खोल विहीर खणली, ती थेट शिलारसाला भिडली. वाफ निघाली 450 अंशांची, पण तिच्यात आम्ल होतं. झडपा टिकल्या नाहीत आणि 2012 मध्ये विहीर बंद करावी लागली. वाफेला तोटा नव्हता. ती पेलणारं लोखंड नव्हतं.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. बंद असलेला बॉयलरही गंजतो. गळीत संपल्यावर तो अर्धवट भरलेला राहिला, तर पाणी आणि हवा दोन्ही आत असतात आणि खड्डे पडायला तेवढं पुरतं. एक तर कोरडा ठणठणीत करून ओल शोषणारा चुना आत ठेवायचा, नाहीतर औषध घातलेल्या पाण्याने काठोकाठ भरायचा.

घरचंही बघा. बोअरचं पाणी एकदा तपासून घ्या. खारट निघालं तर लोखंडी पाइपाऐवजी प्लास्टिकचा घाला. जस्ताचा मुलामा दिलेल्या पाइपाला पितळी सांधा थेट जोडू नका. सांध्याजवळचा पाइप आधी जातो.

आणि पुढच्या सभेत खर्च किती झाला हे जरूर विचारा, तो तुमचा हक्क आहे. पण त्याबरोबर आणखी दोन प्रश्न विचारा : नळ्यांची जाडी मोजली का, किती भरली? आणि पाण्याची नोंदवही रोज लिहिली जाते का? हे प्रश्न सभासदांकडून आले, की पाळीवरचा माणूस डुलकी घेत नाही.