कानाने चालणारी कात्री

ठाणे-बेलापूर रस्त्याने जाणाऱ्या माणसाला पावणे म्हणजे कारखान्यांची एक लांबलचक रांग वाटते. धुराडी, टँकर, मालमोटारी आणि पाळी सुटली की रस्त्यावर उतरणारी माणसे. या साऱ्याच्या मागे पावणे नावाचे एक जुने गाव आहे, हे पुष्कळांच्या ध्यानातही येत नाही. अशा ठिकाणी बसून कुणी पुस्तके ध्वनिमुद्रित करील, ही कल्पनाच मोठी गमतीची. कारण इथे शांतता आणायची कुठून? परंतु माझा एक विद्यार्थी तेच करतो. त्याला जन्मापासून दिसत नाही. त्याची थोरली बहीण जवळच्याच एका कारखान्यात पॅकिंगच्या कामाला आहे. ती पाळी संपवून आली, जेवणखाण उरकले, की माइकपुढे बसून अर्धा-पाऊण तास वाचते. तिने वाचायचे आणि याने ते कापून, जोडून, घासूनपुसून लखलखीत करायचे, अशी भावाबहिणीची वाटणी आहे.

वाचकहो, तुम्ही विचाराल की संगणक आता स्वतःच वाचून दाखवतो ना? दाखवतो खरा. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने बोलणाऱ्या या साधनाला स्क्रीन रीडर म्हणतात, आणि त्याला मराठीही येते. पण कसे येते? ‘जरा थांब’ मधला जरा आणि ‘जरा-मरण’ मधली जरा आपल्या जिभेवर निरनिराळ्या उमटतात; लिपीत मात्र दोन्ही ज सारखेच. यंत्राने ओळखायचे कशावरून? हिशेबाचे पत्रक किंवा परीक्षेची सूचना ऐकायला तो आवाज उत्तम. कथा-कादंबरी ऐकायला माणूसच हवा. हे फार पूर्वी कळलेले आहे. एडिसनने 1878 साली आपल्या फोनोग्राफचे उपयोग सांगितले, तेव्हा अंधांसाठी बोलणारी पुस्तके त्या यादीत होतीच. आपल्याकडे मुंबईत 1952 साली स्थापन झालेल्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या संस्थेसाठी कितीतरी डोळस वाचकांनी आपला आवाज दिला आहे.

मात्र या सर्व व्यवस्थेत एक गोष्ट गृहीत धरलेली असे. वाचणारा डोळस, यंत्रापाशी बसणारा डोळस. अंधाने फक्त ऐकायचे. माझ्या विद्यार्थ्याला नेमके हेच नको आहे.

आवाजाची कापाकापी हे काम मुळात कानाचे. टेपच्या जमान्यात ते तसेच होतेही. रिळे हाताने मागेपुढे फिरवीत नेमका शब्द कानाने पकडायचा, टेपवर खूण करायची, धारदार पात्याने तिरपा छेद द्यायचा आणि चिकटपट्टीने दोन टोके जोडायची. सेकंदाला साडेसात इंच वेगाने टेप धावे. म्हणजे अर्ध्या सेकंदाचा उसासा पावणेचार इंच भरे, चक्क बोटांनी मोजता येई! पुढे संगणक आला आणि या कानाच्या कामाचे त्याने चित्र केले. आज डोळस संपादक पडद्यावर आवाजाच्या लाटा पाहतो, माऊसने हवा तो तुकडा धरतो आणि उडवून टाकतो. सोय झाली, यात संशय नाही. पण ज्याचे कान सर्वांत तयार, त्याच्याच हातून पाते गेले.

ते परत आले कळफलकाच्या वाटेने. 1999 साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात ‘ऑडॅसिटी’ नावाच्या फुकट सॉफ्टवेअरवर काम सुरू झाले. ते माऊसला हात न लावताही चालवता येते. त्याच्या जोडीला ‘एनव्हीडीए’ हा स्क्रीन रीडर. 2006 साली ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने तो लिहायला घेतला, आणि जेम्स टे हा त्याचा तसाच अंध मित्र पुढे त्याच्याबरोबर कामाला लागला. या दोघांची ओळख लहानपणी अंध मुलांच्या एका संगीत शिबिरात झालेली! हाही फुकट मिळतो. पावण्याच्या त्या दोन खोल्यांत हे महत्त्वाचे आहे. कारण विकतच्या स्क्रीन रीडरची किंमत ऐकली, तर घरचे भाडे आठवते.

त्याचे काम मी शेजारी बसून पाहिले आहे. कानांवर हेडफोन, कारण स्क्रीन रीडरचा आवाज खोलीत सुटला तर तो माइकमध्ये शिरायचा. एका कानात यंत्र बोलते, दुसऱ्या कानात ताई. अशी विभागणी करण्याची सोय एनव्हीडीएमध्ये 2024 साली आली. ताई वाचताना अडखळली, की हा कंट्रोल आणि एम या कळा दाबून तिथे खूण टाकतो. मग रात्री एकेका खुणेवर जायचे. आवाज चालू असतानाच डाव्या चौकोनी कंसाची कळ दाबली की तुकड्याची सुरुवात ठरते, उजव्या कंसाची दाबली की शेवट. सी दाबले की तो तुकडा नसता तर कसे ऐकू आले असते, ते आधीच कळते. पटले तर कापायचे. नाही तर शिफ्ट आणि बाणांच्या कळांनी कड केसभर सरकवायची. हे केसभर किती, ते पडद्यावरचे चित्र किती मोठे केले आहे, यावर ठरते. म्हणून न दिसणारे चित्र हा मुलगा मोठे करून घेतो! मला याचे फार नवल वाटले. त्याला काहीच वाटले नाही.

छेद कुठेही देऊन चालत नाही. आवाजाची लाट मधल्या रेषेच्या वर-खाली हलत असते. ती वर असताना कापली तर जोडावर ‘टक्’ असे वाजते. झेड ही कळ निवडलेल्या तुकड्याची टोके त्या रेषेवर आणून ठेवते. श्वासांच्या बाबतीत मात्र तो कोणत्याही कळीचे ऐकत नाही. मी एकदा म्हटले, “अरे, हे श्वास सगळेच काढून टाक ना.” तो म्हणाला, “सर, श्वास काढले तर ताई जिवंत वाटत नाही.”

आता पावण्याच्या गोंगाटाचे काय? वाचन सुरू करण्यापूर्वी ताई पाच सेकंद अगदी गप्प बसते. त्या गप्प सेकंदांत जे ऐकू येते, तो पंखा आणि कारखान्यांची घरघर, तेवढा नमुना सॉफ्टवेअरला द्यायचा. मग ते साऱ्या मुद्रणातून तेवढीच घरघर वजा करते. अति वजा केले तर माणूस पाण्याखालून बोलतोय असे वाटते. शिवाय ही युक्ती एकसुरी आवाजालाच लागू पडते. टँकरचा भोंगा तिला दाद देत नाही. भोंगा वाजला की ताई थांबते, आणि वाक्य पुन्हा पहिल्यापासून!

सगळेच काही इतके सरळ नाही. कितीतरी सॉफ्टवेअर अशी आहेत की त्यांच्या बटणांना निर्मात्यांनी नावेच दिलेली नसतात; मग स्क्रीन रीडर बिचारा “बटण, बटण, बटण” एवढेच म्हणत बसतो. दहा ओळींचे काम होते ते. आळसापलीकडे त्याला कारण दिसत नाही.

अभ्यासाची पुस्तके अशी वाचून आपल्यासारख्या मुलांना देण्यास कायद्याची आडकाठी नाही. प्रताधिकार कायद्यात 2012 साली तशी दुरुस्ती झाली आहे. पण पुस्तके देऊन पोट भरत नाही. त्याला या कामाची नोकरी हवी आहे. सरकारी नोकऱ्यांत 2016 च्या कायद्याने राखीव जागा आहेत. खासगी स्टुडिओत कोण विचारणार? एका ठिकाणी “पडदा कसा बघणार?” एवढे विचारून त्याला परत पाठवले, काम न ऐकताच.

तेव्हापासून भावाबहिणींत वाद आहे. ताईचे म्हणणे, “नमुना पाठव, दिसत नाही हे लिहूच नकोस. काम पसंत पडल्यावर सांगू.” त्याचे म्हणणे, पहिल्याच ओळीत लिहायचे. गेल्या महिन्यात त्याने नवा अर्ज तयार केला आणि शुद्धलेखन तपासायला माझ्याकडे पाठवला. पहिली ओळ होती : ‘मला दिसत नाही, सोबतच्या वीस मिनिटांच्या मुद्रणात अठ्ठेचाळीस जोड आहेत, ते ऐकून शोधावेत.’ मी एक वेलांटी दुरुस्त केली. ताईने तो नमुना पाळीवर जाताना ऐकला आणि तिला सहा जोड सापडले. अर्ज गेला आहे. उत्तर अजून आलेले नाही.